एकच गोली ठेवायचा म्हणे!

...आणि वर मलाच म्हणतात, "नीलिमा, तू ना, उगाच टेन्शन घेतेस!" उगाच? अहो, उगाच कसं? आपल्या शेजारचा माणूस, रोज दारावर टकटक करणारा, चपला काढून आत येणारा माणूस, नियमात बसवून, यादी छापून, चक्क दारात काढून ठेवलाय... या, बघा, आवडला तर घेऊन जा! आणि मी टेन्शन घ्यायचं नाही? तुम्हाला सांगते, जून महिन्यात मॉन्ट्रियलमध्ये माणसं बाल्कनीत कुंड्या लावतात, बार्बेक्यू काढतात, आणि मी? मी दिवसभर नखं खात होते. का? तर हॉकीसाठी! मी! जिला आयुष्यात बर्फावर उभंसुद्धा राहता आलेलं नाही, जी पार्किंग लॉटमध्ये नवऱ्याच्या कोटाला धरून चालते, ती मी!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई फिरली.

तर आमच्या शेजारच्या काँडोमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, एक मुलगा राहतो. एतिएन. इथलाच, फ्रेंच, सहा फूट तीन इंच. आपली जी इथली मोठी टीम आहे ना, जिच्यासाठी अख्खं शहर हसतं आणि रडतं, त्या टीमचा गोलकीपर. गोली म्हणतात इथे. पण लगेच "अय्या!" करू नका, तो दोन नंबरचा गोली. म्हणजे एक नंबरचा खेळतो आणि हा टोपी घालून बाकावर बसतो, बर्फावर जाणाऱ्यांना दार उघडतो आणि लावतो. मॅच संपली की सगळ्यात कमी घाम ह्याला.

आता ह्या दोन नंबरच्या गोलीचा आणि माझा काय संबंध? संबंध माझा नाहीच, माझ्या सासूबाईंचा!

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मंदाकिनीबाई, संगमनेरहून इथे आल्या त्या ऐन नोव्हेंबरात. कुणी सांगितलं होतं नोव्हेंबरात यायला? पण देवेशला, म्हणजे आमच्या ह्यांना, आईला पहिला बर्फ दाखवायचा होता. दाखवला. आईंनी बघितला. म्हणाल्या, "छान आहे. कधी थांबतो?" ...एप्रिलमध्ये, आई!

आणि मग सुरू झालं. माझं काम घरून. विमानाचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, तिची खरेदी मी बघते, दिवसभर व्हिडिओ कॉल. आणि आईंना दुसरं माणूसच नाही! फ्रेंच येत नाही, इंग्लिश येत नाही, खाली उतरावं तर पाय घसरतो. मग काय, माझ्या मागेच खुर्ची टाकून बसायच्या. फ्रान्समधला अख्खा विभाग मला विचारायचा, "तुमच्या मागे त्या मादाम काय निवडतायत?" मेथी निवडतायत हो, मेथी! मी तिकडे बोल्टांचा भाव पाडतेय आणि मागून आवाज, "नीलिमा, गॅस बारीक कर!"

आमच्याकडे गॅस नाहीच. इलेक्ट्रिक शेगडी आहे. पण ते वाक्य त्यांच्या तोंडात असं बसलंय, की शेगडी बंद असली तरी येतं. मी नुसती स्वयंपाकघराच्या दिशेनं बघितलं तरी, "गॅस बारीक कर!" चाळिशी ओलांडलेली बाई मी, पोटची पोरगी हॅलिफॅक्सला युनिव्हर्सिटीत शिकतेय, आणि ह्या असताना मला वीस वर्षांत एकदासुद्धा पाहिजे तेवढ्या आचेवर भाजी करायला मिळालेली नाही. सगळ्यांना कुणी ना कुणी वाचवतं हो, मला कोण प्रोटेक्ट करणार?

बरं, ते बोलणं परवडलं. पण जानेवारीत त्या बोलायच्याच बंद झाल्या. नुसत्या खिडकीशी. खाली बसस्टॉपवर कोण येतं, कोण जातं, बघत. चहा दिला की "ठेव." टीव्ही लावला की "असू दे." एकदा तर मी मुद्दाम भाजी करपवली... खरंच! भसाभसा धूर, अलार्म वाजला, आणि ह्या गप्प. म्हटलं, ह्यापेक्षा ते गॅस बारीक कर बरं होतं.

आणि अशात आली संक्रांत. मंडळाच्या हळदीकुंकवाला निघालो, आईंच्या हातात तिळगुळाचा डबा, आणि लिफ्टमध्ये हा माणूस, पाठीला ही एवढी बॅग, त्यात आमचा फ्रिज मावेल. आईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं, "अरे केवढं ते ओझं! जेवलास का?" तो म्हणाला, "वुई, वुई, मादाम." झालं! वुई म्हणजे हो, आईंना वाटलं कळलं ह्याला. लाडू काढला, त्याच्या हातावर ठेवला, म्हणाल्या, "तिळगूळ घे, गोड बोल." त्यानं खाल्ला. आख्खा. एका घासात!

त्याच संध्याकाळी एक नंबरच्या गोलीची मांडी लचकली. हा उतरला बर्फावर आणि एकही गोल होऊ दिला नाही. एकही!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजतं. बघते तर हा. हातानं गोल गोल करून दाखवतोय. लाडू! आता हे हॉकीवाले, तुम्हाला सांगते, आपल्या वरताण. डावा मोजा आधी, उजवा नंतर, दाढी करायची नाही, रेषेवर पाय द्यायचा नाही. त्याच्या मनानं घेतलं, की मॅचच्या दिवशी तो तिळाचा लाडू पाहिजे म्हणजे पाहिजे. मग काय! होळी झाली, पाडवा झाला, आमच्याकडे संक्रांत चालूच. पुढची संक्रांत आली तरी आधीची संपलेली नव्हती. कॅनडात तिळाचा तुटवडा झाला असेल तर तो आमच्यामुळे!

आईंना "एतिएन" म्हणता येईना, त्या म्हणाल्या "यतीन". तो यतीन झाला. दुपारी सराव संपला की यतीन आमच्याकडे, टेबलाशी, आणि दोघांचा गड्डा-झब्बू. आई मराठीत बोलणार, तो फ्रेंचमध्ये "वुई, वुई." ह्यांचं त्याला कळत नाही, त्याचं ह्यांना कळत नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही. आई पत्ते लपवतात, त्याला दिसतं, तो बोलत नाही. आणि आई त्याला काय काय सांगायच्या! संगमनेरचा वाणी, प्रवरेचा पूर, आणि बाकी सगळं माझ्याबद्दल. माझ्यासमोर! "यतीन, हिला सांगून सांगून थकले बघ." "वुई, वुई." "आच कमी ठेवत नाही, भाजी चरचर जळते." "वुई, मादाम." मी म्हटलं बोलू दे. त्याला काय कळतंय? इतके दिवस माझ्या पाठीवर पडणारं आता ह्याच्या छातीवर पडतंय, आणि त्याला सवय आहे, गोली आहे तो, अंगावर घ्यायचाच पगार आहे त्याला! मी दार लावून, हेडफोन घालून, दीड वर्ष सुखानं नोकरी केली. आई हसायला लागल्या, भूक लागायला लागली, "मॅच किती वाजता?" विचारायला लागल्या. मला वाटलं, आता सगळं छान.

...आणि तिकडे अमेरिकेत, वाळवंटात, लास वेगासला, कुणाला तरी वाटलं की इथे बर्फावरच्या हॉकीची नवी टीम काढावी. वाळवंटात! बर्फ! मी विचारते, नडलं होतं का?

एका रविवारी सकाळी देवेश मोबाईल बघत बघत ओरडला, "लिस्ट आली! यतीनला प्रोटेक्ट नाही केलं!" हा देवेश कसा आहे सांगते. संगमनेरला असताना ह्याला हॉकीची काठी कुठल्या बाजूनं धरतात माहीत नव्हतं. आता टीमचा स्वेटर घालून झोपतो. आई म्हणाल्या, "काय नाही केलं?" आणि ह्याला तेच हवं होतं, समजावून सांगायला माणूस!

त्यानं माझा मसाल्याचा डबा उचलला. धुतलेल्या ओट्यावर आणून ठेवला. म्हणाला, "आई, बघ. नवीन टीमला खेळाडू कुठून आणायचे? तर जुन्या तीसच्या तीस टीममधून एकेक उचलायचा. प्रत्येक टीमचा एक जाणार म्हणजे जाणार. फक्त आधी तुम्ही काही लोक झाकून ठेवायचे, ते प्रोटेक्टेड, त्यांना हात लावायचा नाही. झाकायचे किती? तर सात फॉरवर्ड..." आणि डब्यातल्या सात वाट्यांवर बोट. हळद, तिखट, मोहरी, जिरं, धणेपूड, मेथीदाणे, हिंग. "...तीन डिफेन्स," म्हणून मिठाची, गुळाची आणि चिंचेची बरणी शेजारी लावली. "आणि गोली एकच," म्हणून तुपाचं भांडं मध्ये ठेवलं. "एवढे वाचले. बाकीचे ओट्यावर उघडे."

आई गंभीरपणे बघत होत्या. म्हणाल्या, "आणि गोडा मसाला?"

"तो नाही बसत, आई. तो उघडा."

"गोडा मसाला उघडा?" अहो, आई उभ्याच राहिल्या! "मेथीदाणे झाकलेस आणि गोडा मसाला बाहेर ठेवलास? तुझ्या हातात टीम देईल कोण?"

"आई, ते नुसतं उदाहरण—"

"उदाहरणातसुद्धा नाही!"

मग दुसरा पर्याय म्हणे. आठ जण कुठलेही झाका, फॉरवर्ड असोत, डिफेन्स असोत, अधिक एक गोली. मी म्हटलं, "अरे, म्हणजे कसंही फिरवलं तरी गोली एकच?" म्हणाला, "एकच." आणि एक नंबरच्या गोलीकडे नो-मूव्हमेंट क्लॉज आहे. म्हणजे काय? तर त्याच्या मर्जीशिवाय त्याला जागचा हलवता येत नाही, आणि असा क्लॉज असलेल्याला झाकावंच लागतं, तसा नियमच आहे. मी मनात म्हटलं, आमच्या घरात हा क्लॉज कुणाकडे आहे ते मला चांगलं माहिती आहे.

"आणि जे नवीन असतात ना, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे, त्यांना सूट असते. त्यांना झाकायलाही लागत नाही."

"मग यतीनला सूट द्या!"

"तो जुना झाला, आई."

"सत्ताविसाव्या वर्षी?"

"आणि वर प्रत्येक टीमनं एकतरी गोली उघडा ठेवलाच पाहिजे, असाही नियम आहे."

आई खाली बसल्या. तुपाच्या भांड्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे एकाला ठेवायचं आणि एकाला बाहेर काढायचं, हे आधीच ठरलेलं. मग त्या दुसऱ्यानं करायचं तरी काय रे?"

देवेशनं गुपचूप बरण्या जागेवर ठेवल्या. चुकीच्या जागेवर.

मग आई माझ्याकडे वळल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "जाऊ दे. गेला तर गेला. मी आपली पुन्हा तुझ्या खोलीत बसत जाईन. तेवढीच तुला सोबत."

तुम्हाला सांगते, माझे पाय गार पडले! जूनमध्ये! डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, ती मेथी आली, फ्रान्सचा अख्खा विभाग आला. आणि खरं सांगू? त्यामागून ती खिडकी आली, तो बसस्टॉप, ते "ठेव" आणि ते "असू दे"... त्याची जास्त भीती वाटली. सगळ्या लीगला नियम आहेत, सात फॉरवर्डांना आहेत, तीन डिफेन्सना आहेत, मला कोण प्रोटेक्ट करणार?

आता आमच्या हातात दिवस किती? रविवारी लिस्ट, बुधवारी संध्याकाळी निकाल. बस! आईंनी लगेच देव पाण्यात ठेवले. खरोखर. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण काढला, माझ्या चांगल्या पास्त्याच्या पातेल्यात ठेवला, वर पाणी. मी हात जोडून शेजारी उभी. म्हटलं, "आई, सांगितलंत ना देवाला, कुणी नेऊ नये म्हणून?"

म्हणाल्या, "मी म्हटलं, यतीनचं भलं होऊ दे."

"अहो आई! भलं काय? नीट सांगा! भलं म्हणजे तिकडे जाऊन एक नंबरचा गोली झाला तर तेही भलंच!"

"मग होऊ दे की. देवाला कळतं."

बघा! देवालाच मोकळं सोडलं! मी हळूच परत गेले, पातेल्याशी वाकले, आणि म्हटलं, "कृष्णा, त्या जे म्हणाल्या ते असू दे, पण इथल्या इथे भलं कर."

हॅलिफॅक्सला फोन केला पोरीला. ती म्हणते, "मॉम, इट्स हिज करिअर! यू कॅन्ट कीप अ गोली फॉर बेबीसिटिंग आजी!" ठेवला फोन. सकाळी सकाळी खरं बोलणारी माणसं मला चालत नाहीत.

पण माझं डोकं चालायला लागलं. देवेश म्हणाला होता, प्रत्येक टीमचा एकच जाणार. एक गेला की बाकीचे सुटले. म्हणजे आपला दुसरा कुणीतरी गेला की झालं! आणि इथल्या खेळाच्या रेडिओवर दिवसभर लोक फोन करून हेच तर बोलत असतात, कोण जावा, कोण राहावा. म्हटलं, आपणही करू. स्थळच मोडायचंय ना? त्यात काय!

आता स्थळ कसं मोडतात, हे आमच्या शुभदामामीकडून शिकावं. वाईट बोलायचं नाही. कधीच नाही! वाईट बोललं की समोरच्याला संशय येतो. मामी म्हणायची, "मुलगी गुणी आहे हो. दिसायला छान, स्वभावानं गरीब... पण..." आणि थांबायची. चहाचा घोट घ्यायची. त्या "पण"च्या पुढे मामी आयुष्यात एक शब्द बोलली नाही, आणि समोरचे लोक पत्रिका घेऊन परत जायचे!

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी वॉशरूममध्ये गेले, दार लावलं, आणि लावला फोन. माझं फ्रेंच कसं, तर ऑफिसच्या ईमेलपुरतं. बोलताना मी प्रत्येक शब्दाची माफी मागते. नाव विचारलं. आता माझं नाव कसं सांगू? तोंडातून निघालं, "मंदा. मंदा, लावालहून." लावाल म्हणजे नदीपलीकडचं शहर. आणि अचानक मी रेडिओवर!

"बोंजूर, मादाम मंदा! काय म्हणता?"

म्हटलं, "तो दुसरा गोली... तो त्रे जांती आहे. फार गुणी. शांत. वेळेवर येतो. वाढलेलं सगळं खातो. मे..."

मे म्हणजे पण. आणि मी थांबले. मामीसारखी.

पण रेडिओवर चहाचा घोट दिसत नाही ना हो! तिकडे सगळं शांत. तो माणूस म्हणतो, "मे? मे काय, मादाम?" मी गप्प. "हॅलो? मादाम मंदा? मे काय?" आणि नेमक्या तेव्हाच दाराबाहेर आई खुर्चीवरून उठल्या आणि कण्हल्या, "आई गं, गुडघा!"

...मी म्हटलं, "ल जनू." गुडघा!

आणि फोन ठेवला.

संपलं! अहो, दोन मिनिटांत गुडघा शहरभर! "गुडघ्याचं काय? कुठला गुडघा? डावा की उजवा?" पुढच्या फोनवाल्याला तो डावा वाटला, त्याच्या पुढच्याला जिना उतरताना दिसला होता म्हणे, एकानं तर सांगितलं ऑपरेशन झालंय! मी डोकं धरून बाथटबच्या काठावर. संध्याकाळी देवेश घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "कुणीतरी मंदा आहे लावालची."

"असेल."

"उच्चार ओळखीचा वाटला. 'त्रे जांती' असं, नगर जिल्ह्यातल्यासारखं, मी एकाच बाईच्या तोंडून ऐकलंय."

मी म्हटलं, "हात धू, पानं घेतलीयेत."

आणि मंगळवारी यतीन आला. पत्ते काढलेच नाहीत त्यानं. आईंच्या समोर बसला आणि फ्रेंचमध्ये, अगदी हळू आवाजात, म्हणाला, "मादाम मंदा, रेडिओवर तुम्ही होतात का? माझ्या गुडघ्याबद्दल असं का सांगितलंत?"

आई माझ्याकडे वळल्या, "काय म्हणतो?"

आता दोघांच्या मध्ये मी. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही आणि दोन्ही मला येतात. देवानं मला काय संधी दिली बघा, आणि मी काय माती खाल्ली! मी म्हटलं, "आई, तो विचारतोय, तुमचा गुडघा कसा आहे?"

"अगं बाई, माझा लेक!" आईंच्या डोळ्यांत पाणी! "पोटच्या पोरानं कधी विचारलं नाही!" आणि लगेच पातळ वर करून गुडघा दाखवला, "हा बघ, सुजतो रे, उठताना कळ येते, थंडीत तर विचारू नको," आणि उठून तेलाची बाटली घेऊन आल्या. तो बघतोय. गुडघ्याकडे, बाटलीकडे, माझ्याकडे. मी त्याला फ्रेंचमध्ये म्हटलं, "त्या... त्या स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत होत्या. रेडिओवाल्यांचा घोटाळा झाला."

त्याचा चेहरा असा खुलला! आईंनी पाट टाकला आणि म्हणाल्या, "तुझापण दाखव, इतका वेळ वाकून उभा असतोस." आणि सहा फूट तीन इंचाचा माणूस आमच्या हॉलमध्ये पाय पसरून बसला, आणि आई त्याच्या धडधाकट गुडघ्याला तेल चोळतायत, आणि तो डोळे मिटून म्हणतोय, "वुई... वुई..."

आणि मी शेजारी उभी. चोर! तुम्हीच सांगा, त्या क्षणी मला कोण प्रोटेक्ट करणार होतं?

बुधवार. संध्याकाळी टीव्हीसमोर आम्ही सगळे. यतीनही आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, हो! मला तेव्हाच काहीतरी खटकलं. उघड्यावर ठेवलेला माणूस इस्त्रीचा शर्ट कशाला घालेल? पण मी माझ्याच नादात. पातेल्यात देव, हातात रिमोट. एकेका टीमचं नाव येतंय, एकेक माणूस जातोय. देवेश सांगत होता, वेगासवाल्यांना निदान तीन गोली घ्यावेच लागतात. एक गोली गेला... आपला नाही. दुसरा गेला... आपला नाही. आई जपमाळ ओढतायत. आणि आलं आपल्या टीमचं नाव. आणि घेतलं... कुणाला? डिफेन्समधल्या कुणाला तरी! यतीन सुटला!

मी सोफ्यावरून उडालेच! टाळ्या वाजवल्या! "वाचला! वाचला!" देवेशनं माझा हात धरला. घट्ट. म्हटलं काय झालं? आणि मी यतीनकडे बघितलं.

तुम्ही कांदेपोह्यांना बसला असाल ना, तर तुम्हाला तो चेहरा कळेल. मला कळला. मी बसलेय, चांगली पाच-सहा ठिकाणी बसलेय. आपल्याला तो मुलगा नकोच असतो, नाक बोंडासारखं असतं, आपण देवाला म्हणत असतो की नकार येऊ दे... आणि मग तिकडून नकार येतो. आणि आपण रडतो! कारण नको म्हणायचं होतं आपण, आणि म्हटलं त्यांनी! पण ह्याला तर जायचं होतं हो. दीड वर्ष दुसऱ्यासाठी दार उघडणाऱ्या माणसाला एकदा स्वतः खेळायचं होतं. इस्त्री त्यासाठी होती.

तो हसला कसाबसा. मला म्हणाला, "घरच्यांनी बाहेर ठेवलं, ते समजलं, नियम आहे. पण फुकट असूनही कुणी उचललं नाही."

आई म्हणाल्या, "काय म्हणतो?"

ह्या वेळी मात्र मी शब्दन् शब्द खरा सांगितला.

आई उठल्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "अरे, नकार येतो रे. मला तर सगळ्यांनी नाकारलं होतं. उंच म्हणून, काळी म्हणून, बोलते जास्त म्हणून. शेवटी देवेशच्या बाबांनी होकार दिला, तो पण लाडू आवडला म्हणून. ज्यांनी नाकारलं त्यांचं नाव आज आठवतं का मला? चल, हात धुऊन घे, वरण टाकते." मी फ्रेंचमध्ये सांगितलं. तो आईंच्या हातावर डोकं टेकून बसला थोडा वेळ. मग म्हणाला, "वुई, मादाम."

मी स्वयंपाकघरात गेले, पातेल्यातून देव काढला, पुसला. म्हटलं, "कृष्णा, दोघींनी वेगळं वेगळं मागितलं, तू माझं ऐकलंस. तुझ्या जागी मी असते तर ऐकलं नसतं."

देवेश मागून आला. म्हणाला, "अगं, रेडिओ ऐकून कुणी गोली निवडत नाही. त्यांचे डॉक्टर असतात." म्हटलं, "नक्की ना?" म्हणाला, "बहुतेक." हा माझा नवरा! सांत्वनसुद्धा पूर्ण करत नाही!

पण मी ठरवलं, आता ह्या पोराचं सगळं करायचं. प्रायश्चित्त! एक जुलैला ह्या शहरात अर्धी माणसं घरं बदलतात, गल्लीगल्लीत गाद्या आणि फ्रिज. मी म्हटलं, हा हलणार नाही ना? नाही. करार आणखी वर्षभर, घर तेच. आणि उन्हाळ्यात हॉकी बंद! म्हणजे सराव नाही, दौरे नाहीत. सकाळी व्यायाम केला की दहाच्या आत आमच्याकडे. मीच सांगितलं, "जेवायला इकडेच येत जा." मीच! ह्याच तोंडानं!

आता परवाची गोष्ट. मी दोन कॉलच्या मध्ये धावत स्वयंपाकघरात आले, कढई ठेवली, फोडणी टाकली. मागे टेबलाशी आई आणि यतीन, पत्ते चालू. मी वांगी टाकली, चर्रर्र झालं. आणि मागून आवाज आला.

"नीलिमा. गॅस बारीक कर."

मी म्हटलं, "हो आई." सवयीनं. आणि हात थबकला. आवाज जाड होता हो! मी वळून बघितलं. आई पत्ते लावतायत, मान खाली. आणि यतीन... माझ्याकडे बघतोय, काळजीनं, कपाळाला आठी घालून, हुबेहूब! आणि वर म्हणतो काय, एकेक अक्षर स्पष्ट, "सांगून सांगून थकले बघ."

थकले! मंदाकिनीबाईंकडून शिकलेला, दुसरं काय म्हणणार?

म्हणजे दीड वर्ष त्याला कळत होतं! सगळं! वाण्यापासून वांग्यापर्यंत, माझ्या त्या गुडघ्याच्या भाषांतरासकट! आणि आई? आईंना इतका आनंद झाला, इतका, की त्यांनी लपवलेला एक्का काढून त्याला देऊन टाकला. "बघ नीलिमा, परक्याला कळतं, तुला कळत नाही!" खिडकीशी बसलेली ती बाई कुठे गेली, आणि ही खदाखदा हसणारी कुठून आली... मला ओरडायचं होतं, आणि मलाच हसू फुटलं.

देवेशला ऑफिसात फोन केला. म्हटलं, "हा मराठी बोलतोय! मला रागावतोय!" तो इतका हसला की त्याच्या मीटिंगमधले लोक हसले. म्हणाला, "तूच वाचवलंस ना त्याला?"

वाचवलं! मीच वाचवलं! लीगमध्ये निदान एकच गोली ठेवायचा नियम आहे. माझ्या स्वयंपाकघरात आता दोन सासवा आहेत, दोघांच्या हातात तिळाचा लाडू आहे, आणि दोघांकडेही नो-मूव्हमेंट क्लॉज आहे. आता मला कोण प्रोटेक्ट—

...हो! हो, यतीन! केला! केला बारीक!